खुर्शीदखालाच्या हातचा चुडा

आमच्या गावात पुढारी म्हणजे ज्याला मिशा हायेत तो. बायांनी पुढारपण करावं असं कुणाच्या सपनातबी आलं नव्हतं, आन् पोरींनी करावं हे तर इचारूच नका. त्यामुळं अठ्ठेचाळीस साली आमी पोरींनी जे केलं त्याला गावानं आगाऊपणा म्हणलं. म्हणू द्या. मी आजबी आगाऊच हाय, आता काय सुधारायचं वय राहिलंय व्हय!

आमचं गाव साखऱ्याच्या अलीकडं, माळाला लागून. माझा बा सोनाजी. घरची जमीन, चार माणसांत शब्दाला वजन, आन् राग नाकावर. माय भिकाबाई, तोंडातून चकार शब्द न काढणारी. थोरला भाऊ संतराम, त्याला मी संतूदादा म्हणायची. आन् मी द्वारका, लग्नाला आलेली, तोंडाळ. माय म्हणायची, "हिच्या जिभेला हाड न्हाई, सासरी कसं व्हायचं हिचं!"

गावात खुर्शीदबी मनियारीण व्हती. बायांच्या हातात बांगड्या भरायचा तिचा धंदा. नवरा कवाच वारलेला. एक पोरगा लतीफ, एक पोरगी गौसिया. गौसिया माझ्याच वयाची, आमी एका चिंचेखाली वाढलेल्या. खुर्शीदबीला सगळं गाव खाला म्हणायचं, खाला म्हणजे मावशी. पाळण्यातल्या पोरीच्या हातात काळ्या बांगड्या घालायच्या त्या खालानं, आन् लग्नाचा हिरवा चुडा भरायचा तोबी खालानंच. ती आधी हात हातात घ्यायची, कणीक तिंबावी तसा दाबून दाबून मऊ करायची, आन् गप्पा मारता मारता बांगडी कवा मनगटावर आली ते कळायचंबी न्हाई. त्या गप्पांत सगळं निघायचं. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, दिवस गेलेले, दिवस टळलेले. घरच्या पुरुषाला जे ठाव नसायचं ते खालाला ठाव असायचं, आन् ते खालाच्या पोटातच राहायचं.

मग रझाकारांचं ते वंगाळ साल आलं. हिंगोलीच्या बाजारात पोरं भरती करून राहिले व्हते, त्यात लतीफ गेला. खाकी घालून घरी आला तवा खालानं त्याला दारातच धरला. "उतार वो कपडे! पहले उतार!" अशी ओरडली की गल्ली गोळा झाली. पर पोरगं हट्टी. तसंच निघून गेलं.

संतूदादा तवा सरहद्दीपल्याड वऱ्हाडात, निजामाशी लढणाऱ्यांच्या छावणीवर निरोप पोचवायचा. एक दिवस सेनगावच्या वाटेवर रझाकारांनी त्याला धरलं आन् त्याचा उजवा हात मोडला. लतीफ तिथं व्हता. त्यानं मारलं न्हाई. पर आडवाबी आला न्हाई. खाली मान घालून उभा राहिला. दादा घरी आला तवा बानं फक्त एवढंच इचारलं, "कोण कोण व्हतं?" दादानं लतीफचं नाव घेतलं, आन् त्या दिवसापासून बा हसला न्हाई.

भादव्यात फौजा आल्या, निजाम शरण गेला. गावात गूळ वाटला, आमी पोरी नाचलो. लतीफला पकडून तुरुंगात टाकलं. आन् दोन-चार दिवसांनी मारुतीच्या पारावर बैठक बसली. बानं सांगितलं, "मनियाराच्या घराशी कुणी येवार करायचा न्हाई. दाणा न्हाई, पाणी न्हाई, बोलणं न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. पिंजारी चाँद पाशा तर भिऊन आधीच बिऱ्हाड उचलून वारंग्याकडं गेला व्हता. राहिल्या त्या दोघी मायलेकी.

आता पुरुषांची अक्कल बघा. त्यांना वाटलं, बांगड्याच तर हायेत! हिंगोलीहून दुसरा कासार आणू, काम झालं. बायांच्या हातातून त्यांनी काय काढून घेतलं हे त्यांच्या गावीबी नव्हतं.

दादानं त्या वक्ताला तरुण मंडळ काढलं. गळ्यात बांधलेला हात, खांद्यावर झेंडा, सकाळी फेरी, पारावर भाषण. "आता जनतेचं राज हाय!" मी जाऊन म्हणलं, "दादा, आमाला पोरींना घेता का मंडळात?" सगळी पोरं खो खो हसली. एक जण म्हणला, "तुमी रांगोळ्या काढा की!" मला अशी आग लागली अंगाला! घरी येऊन मी दोन भाकरी जास्तच बडवल्या.

गौसियाला आता इहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ती वढ्यातल्या झिऱ्यावर वाटी वाटीनं घागर भरायची. माझं लग्न त्याच दिवसांत ठरलं व्हतं, तरी मी गोवऱ्या येचायचं निमित करून तिकडं गेले. मला बघून ती उठली, इकडं तिकडं बघितलं आन् म्हणली, "तू जा गं, तुझा बा बघंल."

"बघू दे. काहून अशी वाळलीस?"

"अम्मा सामान बांधून राहिली. मामूकडं जायचं, हैदराबादला. तुझ्या हळदीच्या दिवशी गाडी सांगितलीय, तांड्यावरच्या धर्मसिंगची."

"माझ्या हळदीच्याच दिवशी?"

"त्या दिवशी सगळं गाव तुझ्या मांडवात असंल. जाताना कुणी बघायला नको, अम्मा म्हणती."

मी तिथंच वाळूत बसून रडले. गौसियाच मला गप करत राहिली, आता बोला!

दुसऱ्या दिवशी कापूस येचताना मी पोरींना हे सांगितलं. गोजर व्हती, रुक्मा व्हती, निर्मला व्हती. रुक्मा म्हणली, "आपलं ऐकतंय कोण, बाई? आपण पोरी."

"ऐकू नका म्हणावं," मी म्हणलं. "पर बांगड्या तर आपल्याच हातात भरायच्या ना? मग कुणाकडून भरायच्या ते आपण ठरवू. त्या कासाराकडून भरायच्या न्हाईत. खाला यील तवा भरू."

"आन् न्हाई आली तर?"

"तर उघड्या हातानं फिरू."

गोजरच्या हातातला कापूस खाली पडला. उघडा हात म्हणजे काय हे तुमाला सांगायला नको. बांगडी फुटली तरी आमी फुटली म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. तरी पोरी तयार झाल्या. आमी बिनलग्नाच्या, आमचं एक वेळ चालून जाईल. पर लग्न झालेल्या बाया कशा तयार व्हाव्या?

ती वाट गोजरच्या भावजयीनं काढली. कापसाच्या बोंडाला लागून तिची बांगडी वाढली. तिनं हळदीत बुडवलेला दोरा मनगटाला बांधला. नवी बांगडी भरेपर्यंत सवाष्णीनं असा दोरा बांधायचा, ही जुनीच रीत. एरवी तो दोरा दिवसभर राहायचा. तिनं काढलाच न्हाई. मग शेजारणीनं बांधला. कासार येऊन निंबाखाली बसला, माश्या हाकल्या आन् गाठोडं उचलून गेला. पुढच्या बाजारी पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. हळूहळू गावात जिकडं बघावं तिकडं पिवळे दोरे. आन् गंमत सांगू? पुरुषांना कितीतरी दिवस पत्ताच न्हाई! बायकोच्या हाताकडं बघतंय कोण!

बाला कळलं ते जेवताना. माय भाकर वाढायला वाकली आन् तिच्या मनगटावर दोरा. बा म्हणला, "हे काय?"

"काकणं वाढली."

"मग भर की. कासार येऊन राहिला ना बाजाराला?"

माय खाली बघून म्हणली, "खुर्शीद यील तवा भरीन."

माझी माय! जिनं कवा मीठ कमी हाय का इतकंबी उलट इचारलं नव्हतं! मी चुलीपाशी तोंडात पदर कोंबला. बानं ताट सारलं आन् उठून गेला. मायनं ते सारलेलं ताट उचलून ठेवलं. मी तिच्याजवळ गेले तर म्हणली, "तुझ्या आधीचं लेकरू गेलं तवा मला कुणी रडू देत नव्हतं. खालानं काकणं भरायच्या नावानं दार लावून घेतलं आन् मला रडू दिलं. मी कसं इसरू?"

दादानं मला गोठ्यात गाठलं. "द्वारके, हे तुझ्या डोक्यातलं?"

"व्हय."

"लतीफ तिथं उभा व्हता. माझ्या डोळ्यांदेखत."

"ठाव हाय. लतीफ सुटून आला की त्याला काय बोलायचं ते तू बोल, चार लोकांत बोल, मी मधात पडणार न्हाई. पर तुझा हात खालानं मोडला का?"

त्यानं बैलापुढं कडबा सारला.

"आन् तुमचं ते जनतेचं राज! त्या जनतेत खाला बसत न्हाई का? का जागा कमी पडली?"

दादाला हसू आलं, आन् हसता हसता त्याचे डोळे भरले. तो डाव्या हातानं बैलाची पाठ खाजवत राहिला. मला वाटलं, गेलं पाण्यात सगळं.

असं करता करता माझ्या हळदीचा दिवस उजाडला. नवरदेव शिरड शहापूरचा, वऱ्हाड दुसऱ्या दिवशी येणार. आधी चुडा, मग हळद, मग लग्न. चुडा न्हाई तर हळद न्हाई, हळद न्हाई तर बाची गावात अन् पावण्यांत मान खाली. आन् तिकडं खालाच्या दारात धर्मसिंगची गाडी येऊन लागली, हे गोजर मला कानात सांगून गेली. मी पाटावर बसले व्हते, मुंडावळ्या न बांधलेली. मला ते लग्न पाहिजे व्हतं हो! नवरा मी चोरून बघितला व्हता, बरा व्हता. लग्न मोडलं तर बा मला जित्ती ठेवणार न्हाई, हेबी कळत व्हतं. तरी मी दोन्ही मुठी आवळल्या.

हिंगोलीचा कासार समोर बसला. "पोरी, हात सैल सोड."

मी सोडला न्हाई. त्यानं अंगठा धरून बघितला, बोटं ओढून बघितली. बांगडी कशीबशी बोटांच्या गाठींवर चढवली आन् ती कडकन् दोन तुकडे होऊन पाटावर पडली. म्हातारी नानीबाई म्हणली, "अगं बया बया, चुड्याची बांगडी!"

कासार घाबरला. गाठोडं बांधायला लागला. "मालक, मूठ आवळलेल्या हातात बांगडी जात न्हाई. अपशकुनाचं खापर माझ्या डोक्यावर नको."

बा आला. माझ्यासमोर उभा राहिला. "मूठ उघड."

"खालाला बोलवा," मी म्हणलं. आवाज कसला, किंचाळीच निघाली.

"द्वारके, मूठ उघड म्हणतो मी!" बानं हात उगारला. जन्मात त्यानं मला बोट लावलं नव्हतं. मी डोळे मिटले. हात काही पडला न्हाई. डोळे उघडले तर संतूदादा मधात उभा, तो वाकडा बसलेला उजवा हात पुढं करून.

"बा, हात माझा मोडला."

"तू बाजूला हो!"

"हात माझा मोडला, राग माझा हाय. आन् माझा राग खालावर न्हाई."

"तुला काय कळतंय!" बा ओरडला, आन् ओरडतानाच त्याचा आवाज फाटला. "तू कण्हत पडला व्हतास, मी भिंतीपल्याड ऐकून राहिलो व्हतो. माझ्या लेकराचा हात मोडून राहिले आन् त्या खुर्शीदचं पोरगं उभं राहून बघतंय! आमच्या घरची भाकर खाल्लेलं पोरगं! मी हे सोडून देऊ?"

"सोडा बा. माझ्यासाठीच धरलंय ना? मग माझ्यासाठीच सोडा."

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला आन् येऊन माझ्याजवळ पाटापाशी बसली. तिनंबी मुठी आवळल्या. मग गोजर बसली, तिची भावजय बसली, रुक्मा, निर्मला. नानीबाईसुद्धा कमरेवर हात ठेवत, कण्हत कुथत बसली. बानं सगळ्यांकडं बघितलं. एवढा मोठा माणूस, पर त्या घडीला मला तो कुठंतरी हरवलेल्या लेकरासारखा दिसला. मला धावत जाऊन त्याला मिठी मारावी वाटलं. पर मी मूठ उघडली न्हाई.

बा वळला आन् मांडवाबाहेर गेला, पायात वहाणा न घालता. आमाला वाटलं रागानं शेताकडं गेला. माय रडायला लागली. पावण्या बाया कुजबुजायला लागल्या. कासार तर कवाच पसार झाला व्हता.

बा खालाच्या दारात गेला व्हता. हे गौसियानं मला मागून सांगितलं. धर्मसिंग बैल जुंपून बसलेला, गाडीत गाडगी-मडकी, गोधड्या. बा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. खालाच म्हणली, "जा रही हूं, सोनाजीभाऊ. अब और क्या हाय?"

बा एवढंच म्हणला, "पोरीनं मूठ धरलीय. तुझ्याबिगर उघडंना."

बांगड्यांचं गाठोडं पेटीत तळाशी गेलं व्हतं. खालानं अख्खी पेटी अंगणात उपडी केली.

ती मांडवात आली तवा बाया उठून उभ्या राहिल्या. किती सुकली व्हती हो खाला! ती कुणाकडं बघंना. सरळ माझ्यासमोर येऊन बसली, मागं गौसिया. माझा हात मांडीवर घेतला. "खोल, बेटा."

मी उघडायला गेले तर मूठ उघडंना! सकाळपासून आवळून आवळून बोटं तशीच धरून बसली व्हती. मला रडूच फुटलं. "खाला, उघडंना गं!"

"उघडेगी. क्यों न्हाई उघडेगी? पाळण्यातून मेरे हात में हाय ये."

तिनं तेलाचं बोट घेतलं. एक एक बोट धरून, चोळून, कुरवाळून सरळ केलं. तळहातात माझी नखं रुतून रगत आलं व्हतं, त्यावर फुंकर घातली. मग हात दाबायला लागली, पहिल्यासारखा. आन् दाबता दाबता तिचं तोंडबी पहिल्यासारखं सुरू झालं. "इतकी जिद्द! अगं, तुझ्या सासूचं कसं व्हायचं? त्या बिचारीला कुणी सांगितलं का न्हाई?" बाया हसल्या. रडत रडत हसल्या. हिरव्या बांगड्या कवा मनगटावर आल्या, मला कळलंबी न्हाई.

मी खालाच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आन् उरलेल्या बांगड्या आवरायला घेतल्या. गाठोड्याची एक गाठ मारली. दुसरी मारायला लागली. गौसिया माझ्याकडं बघत व्हती आन् मी तिच्याकडं. चुडा झाला व्हता, हळद होणार व्हती, गावाची लाज राहिली व्हती. आता ती उठंल आन् गाडीत बसंल. तिला थांब म्हणायला माझ्या तोंडात शब्दच येईनात, माझ्या!

बा खांबाला टेकून उभा व्हता. तिथूनच म्हणला, "खुर्शीदबी."

खालानं वर बघितलं न्हाई.

"पोरगी पंचमीला माहेरी यील." बा खांब सोडून एक पाऊल पुढं आला. "काकणं वाढलेली असतील. तवा कोण भरंल?"

खालाचे हात गाठीवरच थांबले. तिच्या डोळ्यातून एक टिपूस गाठोड्यावर पडलं, मग दुसरं. दादा पुढं आला, तिच्याजवळ उकिडवा बसला आन् म्हणला, "लतीफ सुटला की त्याला आणायला मी जातो, खाला. मला त्याला लई बोलायचं हाय. पर बोलायला तो घरी तर आला पाहिजे. घर कुठंय त्याचं?"

खालानं दादाचा तो मोडका हात हातात घेतला. वाकड्या बसलेल्या हाडावरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग तिनं पदरानं डोळे पुसले, गाठोड्याची गाठ सोडली, शेजारी बसलेल्या मायचं मनगट खसकन् ओढलं आन् एकदम खेकसली, "ये क्या हाल करके रख्या, भिकाबाई! बस इथं. सगळ्याजणी रांगेनं बसा."

आन् मान न वळवताच गौसियाला म्हणली, "जा गं, धर्मसिंगला सांग, बैल सोड म्हणावं."